तेरा नंबरची खोली

टीव्हीवरचा एखादा कार्यक्रम संपला की शेवटी नावांची लांबलचक यादी पडद्यावर सरकू लागते. ती सुरू झाली की घरातले सगळे उठतात. कुणी पाणी प्यायला जातं, कुणी रिमोट शोधतं. मी मात्र बसून राहते. मला ती नावं वाचायला आवडतात. कॅमेरा कुणी चालवला, कपडे कुणी शिवले, पावसाचा आवाज कुणी काढला, सगळं तिथं लिहिलेलं असतं. आणि कधीकधी लिहिलेलं नसतंही! आज मी तुम्हाला अशाच एका न लिहिलेल्या नावाची गोष्ट सांगणार आहे. हे नाव पडद्यावर यायला तब्बल पन्नास वर्षं लागली.

गोष्ट आहे इंग्लंडमधली. २३ नोव्हेंबर १९६३ या दिवशी बीबीसी टेलिव्हिजनवर ‘डॉक्टर हू’ नावाची मालिका सुरू झाली. काळाच्या पुढंमागं प्रवास करणारा एक विक्षिप्त म्हातारा आणि त्याचं अजब यान. कथा तर गमतीची होतीच, पण लोक दचकले ते सुरुवातीच्या संगीतानं. खालून घोड्याच्या टापांसारखा ठेका आणि वर भुतासारखा तरंगत जाणारा सूर. हे कुठलं वाद्य? व्हायोलिन? नाही. बासरी? नाही. मग काय संगणक? अहो, तेव्हाचे संगणक खोलीभर आकाराचे असायचे आणि सर्वसामान्य माणसानं ते पाहिलेलेही नसायचे. बटणं दाबून हवा तो आवाज काढणारे सिंथेसायझरही तेव्हा दुकानात मिळत नव्हते.

मग हा आवाज आला कुठून? तो आला लंडनमधल्या तेरा नंबरच्या खोलीतून.

लंडनच्या मेडा व्हेल भागात बीबीसीची एक लांबट इमारत होती. मुळात ती बांधली होती चाकांचे बूट घालून स्केटिंग करण्यासाठी. पुढं तिथं बीबीसीचे स्टुडिओ आले. १९५८ साली तिथल्या तेरा नंबरच्या खोलीत एक नवा विभाग सुरू झाला. त्याचं नाव ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’. नावातच वर्कशॉप! आणि ते होतंही तसंच. इतर विभागांनी मोडीत काढलेली यंत्रं, जुने टेपरेकॉर्डर आणि रेडिओची यंत्रं तपासायला वापरायचे ते ऑसिलेटर इथं गोळा केले होते. ऑसिलेटर म्हणजे एकसुरी ‘ऊंऽऽऽ’ असा आवाज काढणारी पेटी. तिच्यापासून कुणी गाणं करील असं ती बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

नाटकातल्या साध्या आवाजांसाठी तेव्हाही युक्त्या होत्याच. नारळाच्या करवंट्या आपटल्या की घोडा धावतो, पत्रा हलवला की वीज कडाडते. पण माणसाच्या मनातली भीती कशी वाजते? स्वप्न कसं वाजतं? परग्रहावरचं वादळ कसं वाजतं? त्याला करवंट्या पुरत नाहीत. असे आवाज बनवणं हे या वर्कशॉपचं काम. ‘गून शो’ नावाच्या रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमात एक मेजर ब्लडनॉक होते. त्यांच्या पोटातली गुडगुड आणि स्फोट इथंच तयार झाले. म्हणजे पोट बिघडण्याच्या आवाजासाठी मोठमोठी माणसं डोकं खाजवत बसली होती!

या वर्कशॉपच्या मागं दोन माणसं होती. डेस्मंड ब्रिस्को आणि डॅफ्नी ओरम.

डॅफ्नीचा जन्म १९२५ सालचा. संगीताच्या नामांकित कॉलेजात तिला जागा मिळत होती. ती सोडून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती बीबीसीत कामाला लागली. वय सतरा-अठरा. तिचं एक काम ऐका. रेडिओवरून थेट मैफल प्रसारित व्हायची, तेव्हा डॅफ्नी त्याच संगीताची रेकॉर्ड बरोबरीनं चालवत बसायची. का? तर बॉम्बहल्ल्यामुळं मैफल बंद पडलीच, तर घराघरातल्या रेडिओवर संगीत थांबू नये म्हणून!

काम करता करता तिला यंत्रांचा नाद लागला. दिवसभराचं काम संपून सगळे घरी गेले की ती निरनिराळ्या स्टुडिओंतले टेपरेकॉर्डर एका जागी आणायची आणि रात्रभर प्रयोग करायची. सकाळी सगळं पुन्हा जागच्या जागी. १९४९ साली तिनं दोन वाद्यवृंद, मायक्रोफोन आणि ध्वनिमुद्रिका यांच्यासाठी ‘स्टिल पॉइंट’ नावाची रचना लिहिली. वाजवणारे कलाकार आणि रेकॉर्डचा आवाज यांना एकत्र गुंफायची कल्पना तेव्हा फार नवी होती. बीबीसीनं ती नाकारली. पण डॅफ्नीनं पिच्छा सोडला नाही. तिची आणि ब्रिस्को यांची वर्षानुवर्षांची खटपट १९५८ साली फळाला आली.

आता टेपवर आवाज कसा घडवायचे ते बघू. आजच्या मुलांनी टेप पाहिली नसेल. घरात एखादी जुनी कॅसेट असेल तर आईबाबांकडून मागून घ्या. तिच्यात तपकिरी रंगाची बारीक फीत असते. तिच्यावर लोखंडाच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्यांच्या चुंबकत्वाच्या रूपानं आवाज साठवलेला असतो. आमच्या घरी टेपरेकॉर्डरची बॅटरी उतरायला लागली की फीत हळू फिरायची आणि कितीही गोड गळ्याची गायिका असो, तिचा आवाज एकदम घोगरा व्हायचा. आम्ही हसून लोळायचो. वर्कशॉपमधल्या मंडळींनी हीच गोष्ट गंभीरपणे हाताशी धरली. फीत दुप्पट वेगानं फिरवली तर मध्य सप्तकातला ‘सा’ थेट तार सप्तकातला ‘सा’ होतो. निम्म्या वेगानं फिरवली तर मंद्र सप्तकातला. वेग थोडा थोडा बदलला तर मधले सगळे सूर. म्हणजे एका आवाजापासून अख्खी पेटी तयार!

शिवाय फीत कापता येते. ब्लेडनं कापायची, हवा तो तुकडा चिकटपट्टीनं दुसऱ्या तुकड्याला जोडायचा. फीत सेकंदाला पंधरा इंच या वेगानं धावत असेल, तर एक सेकंदाचा सूर म्हणजे पंधरा इंच फीत. अर्ध्या सेकंदाचा साडेसात इंच. पाव सेकंदाचा किती? करा गणित! तुकडा उलटा जोडला तर आवाजही उलटा वाजतो. घंटेचा टोल आधी हळूच उगवतो, वाढत जातो आणि शेवटी ‘टण्’ होऊन एकदम थांबतो. तुकड्याची दोन टोकं एकमेकांना जोडून गोल कडं केलं तर तोच आवाज पुन्हा पुन्हा येत राहतो. पॅरिसमध्ये प्येर शेफेर १९४८ पासून ध्वनिमुद्रित आवाजांचं असं संगीत करत होते. लंडनच्या मंडळींनी ती विद्या रेडिओ आणि टीव्हीच्या रोजच्या कामाला जुंपली.

सुरुवातीला या खोलीत माणसांना काही महिनेच ठेवत. असले चमत्कारिक आवाज सतत ऐकून डोक्यावर परिणाम होईल अशी भीती वाटायची म्हणे! पण १९६२ साली एक मुलगी आपणहून मागून घेऊन इथं आली आणि अकरा वर्षं राहिली. तिचं नाव डेलिया डार्बीशर.

डेलिया कॉव्हेंट्री शहरातली. जन्म १९३७ सालचा. वडील पत्र्याचं काम करणारे कामगार. ती तीन वर्षांची असताना, १९४० च्या नोव्हेंबरात, जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर बॉम्बचा वर्षाव केला. हल्ल्याच्या आधी भोंगा वाजायचा आणि संकट टळलं की दुसरा भोंगा. लहानपणी ऐकलेले हे भोंगे म्हणजे आपल्या आयुष्यातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत, असं ती पुढं सांगायची. विचार करा, भीतीनं थरथरायच्या वयात ही चिमुरडी भोंग्याचा सूर कसा चढतो नि कसा उतरतो हे कानात साठवत होती.

पुढं तिला केंब्रिजची शिष्यवृत्ती मिळाली. तिथं तिनं गणित आणि संगीत या दोन्हींचा अभ्यास केला. शिक्षण संपवून १९५९ साली ती डेक्का या रेकॉर्ड कंपनीकडं नोकरी मागायला गेली. उत्तर मिळालं, आम्ही रेकॉर्डिंग स्टुडिओत बायकांना घेत नाही. झालं, विषय संपला. परीक्षा नाही, प्रश्न नाही, तुला काय येतं ही साधी विचारपूसही नाही. मी ही गोष्ट माझ्या भाचीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, “पण का?” तिला पटेल असं कारण मला देता येईना, कारण तसं कारणच नव्हतं.

अशी डेलिया बीबीसीत आली आणि तिथून तेरा नंबरच्या खोलीत. ‘डॉक्टर हू’चं शीर्षकसंगीत लिहिलं रॉन ग्रेनर या संगीतकारानं. पण लिहिलं म्हणजे काय, तर एका कागदावर सूर मांडले आणि बाजूला ‘वाऱ्याचा बुडबुडा’, ‘ढग’ अशा सूचना! आता ढग कसा वाजवायचा? ते काम डेलियाकडं आलं. मदतीला होता डिक मिल्स.

तिनं ताणलेली एक तार छेडली आणि तो एकच ‘टंग्’ टेपवर घेतला. तोच वेगवेगळ्या वेगानं फिरवून खालच्या ठेक्याचे सगळे सूर मिळवले. वरचा तरंगता सूर ऑसिलेटरची बटणं हातानं फिरवून काढला. रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की जी खरखर येते, तशा खरखरीतून वाराही आला आणि ढगही. मग प्रत्येक सूर मोजून, कापून, जोडून अनेक फिती तयार केल्या. त्या एकत्र वाजवायच्या कशा? वेगवेगळे सूर एकाच फितीवर शेजारी शेजारी ठेवणारं यंत्र तिथं नव्हतं. मग काय, टेपरेकॉर्डर शेजारी ठेवायचे, एक दोन तीन म्हणायचं आणि सगळे एकदम सुरू करायचे. एखादा जरा मागंपुढं झाला की पुन्हा पहिल्यापासून! एकदा कुठल्याशा जोडात गोंधळ झाला आणि तो कुठं आहे ते कळेना, तेव्हा इमारतीच्या लांब व्हरांड्यात फिती उलगडून एकीशेजारी एक ठेवून तो शोधावा लागला.

तयार झालेलं संगीत ग्रेनरनं ऐकलं तेव्हा तो थक्कच झाला. “हे खरंच मी लिहिलंय?” असं त्यानं विचारलं म्हणे. डेलिया म्हणाली, “बरंचसं!”

त्याच मालिकेसाठी ब्रायन हॉजसननं यानाचा आवाज केला. यान काळातून निघतं तेव्हाची ती घरघर, जणू विश्वच टराटरा फाटतंय! ती आली कशातून? ब्रायननं आईच्या घराची किल्ली घेतली आणि जुन्या पियानोच्या जाड तारेवरून खरवडत नेली. बस्स! मग त्या आवाजाला टेपवर नाचवलं, उलटवलं, लांबवलं.

डेलियाची आणखी एक लाडकी वस्तू होती. बीबीसीतली दिव्याची जुनाट हिरवी शेड. तिच्यावर टिचकी मारली की फार सुंदर घुमायची. डेलियानं त्या आवाजाचा सुरुवातीचा ‘टण्’ कापून टाकला आणि फक्त मागची घुमणारी आस ठेवली. त्या आसेत कोणकोणते सूर दडलेत ते शोधलं आणि ऑसिलेटरनं ते पुन्हा घडवले. सहारा वाळवंटात उंटांचे तांडे घेऊन फिरणाऱ्या तुआरेग लोकांवरच्या माहितीपटासाठी तिनं त्यातून संगीत केलं. ते ऐकताना वाळूवर तळपणारं ऊन दिसायला लागतं. दिव्याची शेड कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडं येऊ. ‘डॉक्टर हू’च्या शेवटी नावं यायची. त्यात लिहिलेलं असायचं, शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर आणि बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉप. डेलियाचं नाव नाही. ग्रेनर भला माणूस. मिळणाऱ्या पैशातला निम्मा वाटा डेलियाला द्यावा अशी त्याची इच्छा होती. पण बीबीसीच्या नियमात ते बसेना. वर्कशॉपमधली माणसं पगारी नोकर, त्यांनी केलेलं काम विभागाचं, असा तो नियम.

दुसरी गंमत बघा. माद्दालेना फागान्दिनी याच वर्कशॉपमध्ये काम करायची. दोन कार्यक्रमांमधल्या मोकळ्या वेळात वाजवायला तिनं एक ठेकेदार तुकडा केला होता. १९६२ साली जॉर्ज मार्टिन यांनी त्यावर वाद्यं चढवून त्याची रेकॉर्ड काढली. हेच मार्टिन पुढं ‘बीटल्स’चे निर्माते म्हणून जगभर गाजले. रेकॉर्डवर कलाकार म्हणून नाव छापलं ‘रे कॅथोड’. असा माणूस जगात नव्हताच! नसलेल्या माणसाला नाव मिळालं आणि असलेली बाई राहिली बाजूला.

यावर कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? पगार मिळत होता ना? शिवाय सगळे मिळूनच तर काम करायचे. खरं आहे. डिकनं फिती जोडल्या नसत्या, तंत्रज्ञांनी यंत्रं चालू ठेवली नसती, तर एकट्या डेलियाला काही जमलं नसतं. पण सगळे मिळून काम करतात म्हणून सगळ्यांचीच नावं पुसायची, हे मला पटत नाही. सगळ्यांची नावं लिहा की! एक ओळ जास्त लागेल. आणि त्या एका ओळीनं काय होतं सांगू? साठच्या दशकात प्रेस्टनमध्ये किंवा कॉव्हेंट्रीत एखादी मुलगी ते संगीत ऐकत असेल, गणिताची आवड असलेली, रेडिओ उघडून बघणारी. पडद्यावर डेलिया हे नाव दिसलं असतं तर तिला कळलं असतं, हे काम मुली करतात. मीही करू शकेन. नाव नव्हतं, म्हणून तिला ते कळलंच नाही.

पुढं या दोघींचं काय झालं?

डॅफ्नीनं वर्षभरातच, १९५९ साली, बीबीसी सोडली. तिला नाटकांच्या मागं वाजणारे आवाज करण्यापेक्षा स्वतःचं संगीत करायचं होतं. केंट परगण्यातल्या एका जुन्या घरात तिनं स्टुडिओ थाटला आणि एक अद्भुत यंत्र बनवलं. पस्तीस मिलिमीटरच्या पारदर्शक फिल्मच्या दहा पट्ट्या. त्यांच्यावर हातानं आकृत्या काढायच्या. पट्ट्या सरकू लागल्या की त्यांतून पडणारा कमीजास्त प्रकाश यंत्र टिपायचं आणि त्याचा आवाज व्हायचा. म्हणजे चक्क चित्र काढून संगीत! २००३ साली ती वारली. तिची १९४९ सालची ती नाकारलेली रचना आठवते? अंतिम रूपातली ‘स्टिल पॉइंट’ २०१८ साली लंडनच्या प्रसिद्ध प्रॉम्स महोत्सवात वाजली. एकोणसत्तर वर्षांनी.

डेलिया १९७३ साली बीबीसीतून बाहेर पडली. मग गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्या प्रकल्पावर तिनं रेडिओ ऑपरेटरची नोकरी केली. तिथल्या कामगारांना काय ठाऊक, आपल्याशी वायरलेसवर बोलणारी ही बाई कोण ते! वर्कशॉप १९९८ साली बंद झालं आणि डेलिया २००१ साली गेली. तिच्या घराच्या माळ्यावर २६७ टेप सापडल्या. आता त्या मँचेस्टर विद्यापीठाकडं जपून ठेवल्या आहेत. २०१३ साली ‘डॉक्टर हू’ला पन्नास वर्षं झाली. त्या खास भागात पहिल्यांदाच ग्रेनरच्या नावाबरोबर डेलिया डार्बीशर हे नाव पडद्यावर उमटलं. ते बघायला ती नव्हती.

वाईट वाटलं ना? मलाही वाटलं. पण नुसतं वाईट वाटून घेण्यापेक्षा आपण तिचं काम थोडं करून बघू. मी आणि भाचीनं ते केलं. तुम्हीही करा. स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी, पितळेचं पातेलं, झाकण, जे घुमेल ते आणा. वस्तू बोटांच्या टोकांवर तोलून धरा, नाहीतर घुमणार नाही. चमच्यानं हळूच वाजवा आणि मोठ्यांच्या फोनवर आवाज रेकॉर्ड करा. आवाज कापायची, वेग बदलायची सोय असलेले कार्यक्रम संगणकावर फुकट मिळतात. सुरुवातीचा ‘टण्’ कापून टाका. ऐका, वाटी ओळखू येते का? आता वेग निम्मा करा. मग पाव करा. मग उलटा लावा. आम्हाला आठ सुरांची एक साधी चाल जुळवायला अख्खी संध्याकाळ लागली. आणि आमच्याकडं ब्लेड नव्हतं, चिकटपट्टी नव्हती, चुकलं तर एक बटण दाबून मागं जाता येत होतं!

आणि हो, तुमची चाल तयार झाली की एका कागदावर नावं लिहा. वाटी कुणी वाजवली, रेकॉर्ड कुणी केलं, कापाकापी कुणी केली. टीव्ही बंद करून पाच मिनिटं शांतता देणाऱ्या आजोबांचंसुद्धा लिहा. आमच्या कागदावर चार नावं झाली. पाचवं भाचीनं आपणहून घातलं, “हिरव्या शेडची युक्ती : डेलिया डार्बीशर.”